भीती विकावी की विश्वास द्यावा?

पावसाळ्यातील सोमवारी तुंगार्लीच्या आमच्या दवाखान्यात विशेष गर्दी असते. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या सेवेत गुंतलेली हॉटेलांतील व बंगल्यांवरील मुले त्या दिवशी थोडी मोकळी होतात. अशाच एका सोमवारी एका तरुणाने खिशातून जाहिरातीचे पत्रक काढून आमच्यासमोर ठेवले. ‘धातू जाते’ या भयापोटी त्याने दोन महिन्यांचा पगार चूर्णावर खर्च केला होता. स्वप्नात वीर्यस्खलन होणे या वयात स्वाभाविक आहे, असे सांगून आम्ही त्याला औषधाविना निरोप दिला. उठता उठता तो हळूच म्हणाला, “डॉक्टर, एड्सची तपासणी कुठे होते?” ज्याचे भय नको त्यावर पैसा गेला होता, ज्याची काळजी घ्यावयास हवी होती, ते विचारण्याचे धैर्य त्याला शेवटच्या क्षणी झाले.

पत्रकवाला त्या मुलापर्यंत पोहोचला, आम्ही पोहोचलो नाही. व्यापाराचे हेच कौशल्य लोकहितासाठी वापरणे म्हणजे सामाजिक विपणन. कोटलर व झाल्टमन यांनी १९७१ मध्ये ही संज्ञा रूढ केली. परंतु त्यापूर्वीच, १९६८ मध्ये, आपल्या देशात ‘निरोध’ पंधरा पैशांस तीन या दराने बाजारात आला होता. चहा, साबण व सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेने तो गावोगावच्या दुकानांत नेला. स्वस्त किंमत, जवळचे दुकान आणि संकोच न वाटणारे नाव, हे त्यामागील सूत्र होते. त्याहीपूर्वी र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यापायी त्यांना खटले सोसावे लागले.

२००२ च्या अखेरीस मुंबईत ‘बलबीर पाशा’ची मोहीम झाली. या काल्पनिक माणसाला एड्स होईल का, असा प्रश्न बसथांब्यांवर झळकला आणि लोक परक्याच्या निमित्ताने स्वतःविषयी बोलू लागले. मात्र देहविक्रय करणाऱ्या स्त्रीवर दोष ढकलला गेल्याची टीकाही झाली. संकोच मोडावा, पण कोणाला अपराधी ठरवू नये, हा त्यातील धडा.

वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी यातून काय घ्यावे? निरोध काउंटरवर दिसेल असा ठेवावा आणि मागणाऱ्यास प्रश्न न विचारता द्यावा. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य व गोपनीय होते, ही पाटी आणि १०९७ हा मदत क्रमांक दर्शनी भागी लावावा. संसर्गानंतर आरंभीच्या काही आठवड्यांत चाचणीत दोष न दिसण्याचा संभव असतो. म्हणून पुन्हा तपासणीस पाठवावे.

कामशक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही अशी पत्रके आपल्याच दुकानांत ठेवलेली आढळतात, हे खेदाने नमूद करावे लागते. वाजीकरण हे अष्टांग आयुर्वेदातील एक अंग आहे; भ्यालेल्या मुलाचा पगार काढून घेण्याचे ते साधन नव्हे. ती पत्रके उचलून तेथे तपासणीकेंद्राची पाटी लावणे, एवढे तरी प्रत्येकाने या पावसाळ्यात करावे, ही विनंती.