पगार नंतर, आधी गाडी कितीची ते सांगा!

नोकरीची जाहिरात हातात आली की बाई पगाराच्या आकड्याआधी पत्ता बघते. तिथे जायला काय आहे, परतायला शेवटची गाडी कितीची, हा हिशेब जमला तरच अर्ज! हे उगाच म्हणत नाही, फ्रान्समध्ये याचा लेखी पुरावा आहे. तिथे बेकारांची नोंद करताना प्रत्येकाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : कमीत कमी किती पगार चालेल आणि कामासाठी जास्तीत जास्त किती लांब जाल. अर्थतज्ज्ञांनी या नोंदी चाळल्या. सारख्याच अनुभवाच्या पुरुषांपेक्षा बायकांनी अंतरही कमी सांगितलं होतं आणि पगारही. शिक्षण-अनुभव सारखा असूनही पगारात जी तफावत उरते, तिच्यातला सुमारे १४ टक्के भाग या अंतराच्या हिशेबातून येतो, असं त्यांनी २०२१ साली मांडलं. घराजवळ राहण्याची किंमत बाई अशी दर महिन्याला मोजते.

ब्रिटनमध्येही तेच. पहिलं मूल झाल्यावर पुढच्या दहा वर्षांत आई-बाबांच्या प्रवासातली दरी वाढत जाते. आईची नोकरी घराकडे सरकते.

'कुठे उतरणार?'

मुंबई, ५ मे १९९२. चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सुटली आणि वर्षभरात विरारपर्यंत गेली. आत शिरलं की बसलेलीला पहिला प्रश्न हाच : 'कुठे उतरणार?' ती 'अंधेरी' म्हणाली की सीट बुक, आणि तिच्यामागे आणखी एकीचा नंबर लागलेला. नवरात्रात त्या-त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या, दसऱ्याला डब्याची सजावट, येता-जाता भाजी निवडणं, हे सगळं खरंच. पण मला त्याहून मोठी वाटते ती साधी गोष्ट : विरारला घर परवडतं आणि साठेक किलोमीटरवरच्या फोर्टात नोकरी मिळते, या दोन्ही गोष्टी एकाच बाईला जमतात त्या लोकलमुळे.

दांडीवर मूल, पायाखाली पेडल

तमिळनाडूतलं पुदुकोट्टई. १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेत तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवायचं मनावर घेतलं. लाखाहून जास्त ग्रामीण बायका शिकल्या! दगडखाणीतल्या मजूर, शेतमजूर, गावोगाव फिरणाऱ्या नर्स, सगळ्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या. कारण? पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं.

बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले आणि शाळेतल्या मुली वाढल्या, सर्वांत जास्त तिथे जिथे शाळा लांब होती. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसट्या मुलींना शाळेत पोचवतात.

अर्धं तिकीट, पूर्ण एसटी

दिल्लीत २०१९ मध्ये बायकांना बसप्रवास मोफत झाला, तमिळनाडूत २०२१ मध्ये साध्या शहरी बसमध्ये, कर्नाटकात जून २०२३ मध्ये. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. रोज तालुक्याला कामाला जाणारीचे महिन्याकाठी वाचणारे पैसे तिच्या हातात राहतात, ही मोठीच गोष्ट. मात्र संध्याकाळची मुक्कामाची गाडी रद्द झाली तर अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? वेळापत्रक ठरवताना आगारात बायकांना विचारायलाच हवं.

आणि हे कात्रण कापून ठेवा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या वेळेत बाईला कामावर ठेवायचं, तर आधी तिची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय मालकाने करायची असते. मैत्रिणींनो, रात्रपाळीचं विचारलं, तर 'दारापर्यंत गाडी आहे ना?' हे बेधडक विचारा.