दुकानात जुळलं, रस्त्यावर बिनसलं

  तुळिंजच्या एका ताईंचं पत्र आलंय आणि प्रश्न माझ्या खास आवडीचा आहे. वांगी रंगाची रेशमी साडी घेऊन त्या मॅचिंग सेंटरमध्ये गेल्या. रुबियाची ठाणं उलगडता उलगडता एक तंतोतंत जुळलं. पीस फाडून घेतला, उन्हात आल्या, तर साडी लालसर आणि पीस निळसर! ‘दुकानदाराने फसवलं का?’

नाही हो ताई. दुकानात ते दोन्ही रंग खरोखरच एक दिसत होते.

लाल लुगडं निळा-हिरवा प्रकाश गिळतं. वांगी रंग मधला हिरवा-पिवळा गिळतो आणि निळा नि लाल अशी दोन्ही टोकं परत पाठवतो. आता खोडी अशी, की रेशमाला चढणारा रंग सुताला नीट धरत नाही. सुती रुबियासाठी रसायनच वेगळं. त्यामुळे कुठला प्रकाश किती गिळायचा, याचा दोन्ही कापडांचा हिशेब निराळा. तो आपल्याला कळत नाही, कारण डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. त्या फक्त बेरीज कळवतात. सात अधिक तीन की पाच अधिक पाच, हे विचारत नाहीत.

बेरीज जुळली ती ट्यूबलाइटखाली. ट्यूबमध्ये पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण आतल्या पावडरीवर आदळतात आणि ती मोजक्याच ठिकाणी जोरात उजळते: हिरवा 545 नॅनोमीटरच्या आसपास, लाल 611 च्या. 650 च्या पलीकडचा गडद लाल जवळजवळ नाहीच. साध्या एलईडीतही तो बेताचाच. ताईंची साडी नेमका तोच भरभरून परतवत असणार, पण दुकानात परतवायला तो होता कुठे? उन्हात मिळाला आणि साडी लालावली. पिसाला त्याचं फारसं सोयरसुतक नाही.

याला मेटामेरिझम म्हणतात, आणि कापड रंगवणारे याला जाम टरकून असतात. रंगखात्यात त्यासाठी लाइट बॉक्स ठेवतात. आतून करडी पेटी, वर निरनिराळे दिवे: दिवसाच्या उजेडासारखा डी65, दुकानातल्या ट्यूबसारखा टीएल84, शिवाय पिवळा बल्ब. एकेक बटण दाबून नमुना बघायचा. सगळ्यांखाली जुळला तरच पास. वांगी, आमसुली, करडा हे नेहमीचे नापास गडी.

मुरलेला दुकानदार म्हणूनच सांगतो, ‘जरा उजेडात नेऊन बघा.’ सल्ला चांगला, पण अर्धवट. ताई, तुमचं कार्य संध्याकाळी हॉलमध्ये असेल आणि तिथले दिवे दुकानासारखेच असतील, तर पीस बदलू नका. उन्हात जुळणारा आणलात तर तिथे तोच वेगळा दिसायची शक्यता जास्त.