चाळीस फुटांवरचा ब्रश

संपादकांनी विषय दिला होता उंच काचा धुणाऱ्यांचा, म्हणून दोऱ्या आणि झुले बघायच्या तयारीने गेलो. खराडीतल्या त्या चार मजली ऑफिसच्या आवारात मात्र तिघंही जमिनीवरच उभे होते. एकाच्या हातात कार्बन फायबरचा चाळीस फुटी पोल, त्याच्या आतून वर गेलेली पाण्याची बारीक नळी आणि टोकाला ब्रश. साबण नाही, वायपर नाही. काच घासली, वरून पाणी सोडलं आणि ती तशीच सुकू दिली. सुकल्यावर एक ठिपका दिसला नाही.

ही पद्धत ब्रिटनमध्ये चांगलीच रुळलेली आहे. 2005 साली तिथे उंचीवरच्या कामाचे नियम लागू झाले. जे काम जमिनीवरून होतं, त्यासाठी माणूस वर चढवायचा नाही, हे त्यांचं पहिलं सूत्र. दुमजली घरांच्या खिडक्या पुसणाऱ्या कितीतरी जणांनी त्यानंतर शिडी सोडून पोल धरला. डाग का पडत नाही, हे आपल्याकडच्या गृहिणीलाही सांगावं लागणार नाही, कारण घरच्या फिल्टरमुळे टीडीएस सगळ्यांना ठाऊक झाला आहे. काचेवरचा पांढरा ठिपका म्हणजे पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेला क्षार. आरओ आणि पुढे रेझिनमधून काढलेल्या पाण्याचा टीडीएस शून्याला टेकतो, त्यामुळे मागे राहायला काही उरतच नाही.

पण धूळ सोडवायची ती ब्रशने. टोळीतला मोठा गडी आधी झुल्यावर काम करायचा. त्याने पोत्यावर तीन ब्रश मांडले आणि म्हणाला, “हात लावून बघा सर, मग सांगतो.”

पहिला नायलॉनचा, सरळ टोकांचा. हलका, थोडा करकरीत. केसांमधून पाणी सहज निघून जातं, त्यामुळे घासणं आणि धुणं भराभर होतं. दुसराही नायलॉनचाच, पण त्याच्या प्रत्येक केसाचं टोक चिरलेलं. बोट फिरवलं तर मखमलीसारखा लागला. बारीक धूळ हा छान उचलतो, पण दाट असल्याने मळ धरून ठेवतो आणि नीट धुतला नाही तर तोच मळ पुढच्या काचेवर नेतो. तिसरा डुकराच्या केसांचा. वर्षभर हात न लागलेली काच, धुराचा तेलकट थर, कबुतरांची वाळलेली घाण, अशा ठिकाणी त्याला तोड नाही. पण तो पाणी पितो आणि जड होतो.

केसांच्या मध्ये दोन छिद्रं होती, पेन्सिलच्या शिशासारखी सरळ धार सोडणारी. काही काचांवर पाणी पसरत नाही, त्याचे मणी होतात. तिथे पंख्यासारखी रुंद धार सोडणारे जेट लावायचे, आणि धुताना ब्रश काचेपासून बोटभर उचलायचा. काच घासण्याआधी वरची चौकट धुवायची, नाहीतर तिच्या सांध्यातला मळ नंतर थेंबाथेंबाने ओघळतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वजन. दोन ब्रशमधला तीनशे ग्रॅमचा फरक तळहातावर जाणवतसुद्धा नाही. पण खिडकी बदलताना पोल काचेपासून सुटतो. तेव्हा त्याचं टोक हातांपासून सहा फूट पुढे झुकलेलं असेल आणि दोन हातांमध्ये दोन फुटांचं अंतर असेल, तर तेच तीनशे ग्रॅम हातांना जवळजवळ एक किलोच्या ओढीसारखे लागतात. ही ओढ दिवसभर, मान वर करून. ब्रश खरेदी करणारा रुंदी बघतो, कारण रुंद ब्रशने काम लवकर उरकतं असा हिशोब असतो. तो हिशोब खांद्याला विचारून केलेला नसतो. ज्याला पोल धरायचा आहे त्यानेच ब्रश निवडावा, असं माझं स्पष्ट मत झालं. रुंद ब्रश स्लायडिंगच्या अरुंद काचेत मावतही नाही, कोपरे तसेच राहतात.

अडचणी मात्र ब्रशपाशी थांबत नाहीत. त्या दिवशी पाणी टँकरचं होतं. टीडीएस मीटर बुडवला तर आकडा तीनशेच्या पुढे. असं पाणी आलं की रेझिन लवकर संपतं, आणि ते बदलायचं कोणी, ठेकेदाराने की इमारतीने, यावर वाद होतो. आरओ वापरला की बरंच पाणी वाया जातं. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या इमारतीत हे मला खटकलं. शेजारी बांधकाम चालू होतं. तिथून उडालेली रेती केसांत अडकली तर काचेवर कायमचे ओरखडे उठतात. त्यामुळे तो मोठा गडी दर चार-पाच काचांनंतर ब्रश खाली घेऊन केस उलगडून बघत होता. बोअरच्या पाण्याने वर्षानुवर्षं पडलेले जुने डाग आणि सिमेंटचे शिंतोडे कुठल्याच ब्रशने जात नाहीत, हे काम घेतानाच सांगावं लागतं.

आणि वायर. कार्बन फायबरमधून वीज वाहते, त्यात पोल आतून-बाहेरून ओला. तार लागायलाच हवी असं नाही. उच्च दाबाच्या तारेजवळ पोल गेला तरी वीज उडी मारू शकते. त्या इमारतीच्या मागच्या अंगाला तारा गेल्या होत्या. व्यवस्थापक सांगत होते, “पैसे चारही बाजूंचे ठरलेत, तेवढी एक बाजू जपून करा.” गड्याने मान हलवली नाही. “साहेब, लाइन बंद केल्याचं कागदावर दाखवा, मग करतो. नाहीतर तेवढे पैसे कापा.” दोघं पोरं तोवर पोल मिटवून नळी गुंडाळायला लागली होती. व्यवस्थापकांनी ठेकेदाराला फोन लावला.