पट आणि निकाल: मीरा-भाईंदरच्या पालिका शाळा

2001च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 5 लाख 20 हजारांच्या आसपास होती. 2011मध्ये ती 8 लाख 9 हजारांवर गेली. वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या कुटुंबांची. म्हणूनच इथली महापालिका मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि गुजराती माध्यमाच्याही शाळा चालवते.

शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाच्या मातृभाषेचा रकाना असतो. माध्यमाशेजारी तो ठेवून वाचला, तर घरी एक आणि वर्गात दुसरी भाषा असलेली मुलं लगेच दिसतात. वाचनात ती मागे पडली, तर दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे.

शिक्षणहक्क कायद्यानुसार (2009) जन्मदाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. प्रवेश वयानुरूप वर्गात. त्यामुळे कधीही शाळेत न गेलेलं दहा वर्षांचं मूल थेट वरच्या वर्गात बसतं. त्याला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. माझ्या मते शाळेची पहिली परीक्षा तिथेच होते.

पहिली ते पाचवीसाठी याच कायद्याचा शिक्षकसंख्येचा निकष: 30 मुलांमागे एक शिक्षक.

राज्यात 2023-24पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास मुलाला पुरवणी मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा मिळते. या निकालांवरून शाळांची तुलना करताना वर्षाच्या मध्यात किती मुलं आली-गेली, हे आधी विचारावं.