जावाची परीक्षा : घोकणाऱ्यांची नव्हे, वाचणाऱ्यांची

घरातल्या मुलाने, मुलीने किंवा सुनेने एके दिवशी ‘मी जावाच्या सर्टिफिकेशन परीक्षेला बसणार’ असे जाहीर केले की घरात तीन प्रश्न उभे राहतात. खर्च किती? नोकरी लागेल का? आणि हे जावा म्हणजे आहे तरी काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे क्लासवाले मोठ्या तत्परतेने देतात, पहिल्याचे थोडे कमी करून आणि दुसऱ्याचे बरेच वाढवून. तिसऱ्याचे उत्तर मात्र घरात कुणालाच मिळत नाही आणि तिथेच फसगत सुरू होते.

जावा ही संगणकाला हुकूम देण्याची भाषा. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली आणि १९९५ साली ती जगापुढे आली. सुरुवातीला तिचे नाव होते ‘ओक’. २०१० साली सन ही कंपनीच ओरॅकलने विकत घेतली, त्यामुळे पूर्वी सनच्या नावाने मिळणारे प्रमाणपत्र आता ओरॅकलच्या नावाने मिळते. बँका, विमा कंपन्या, रेल्वे-विमानांची आरक्षणे अशा ठिकाणी जावाचा वापर मोठा आहे. आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत म्हणूनच तिला मागणी राहिली आणि पुण्यापासून हैदराबादच्या अमीरपेठेपर्यंत तिचे क्लास निघाले.

मोदकाचा साचा आणि बँकेचे खाते

जावा ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ आहे असे म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण कल्पना स्वयंपाकघरातली. मोदकाचा साचा एकच, त्यातून निघणारे मोदक अनेक. आकार सगळ्यांचा तोच, पण एकात खवा, दुसऱ्यात ओले खोबरे. साचा म्हणजे ‘क्लास’ आणि मोदक म्हणजे ‘ऑब्जेक्ट’.

पुढच्या कल्पनांसाठी बँकेत जाऊ या. तुमच्या खात्यातील शिल्लक तुम्ही स्वतः पेनने खोडून वाढवू शकत नाही. पैसे भरायचे किंवा काढायचे, एवढेच दोन मार्ग. आतला आकडा असा झाकून ठेवणे याला ‘एन्कॅप्सुलेशन’ म्हणतात. बचत खाते असो वा मुदत ठेव, दोन्हींना नाव, क्रमांक, शिल्लक असतेच. तो समान भाग एकदाच लिहून दोघांना वारशाने देणे म्हणजे ‘इन्हेरिटन्स’. आणि ‘व्याज काढ’ हा एकच हुकूम दोघांना दिला, तरी प्रत्येकाने आपापल्या नियमाने व्याज काढणे म्हणजे ‘पॉलिमॉर्फिझम’.

इतके कळायला एक संध्याकाळ पुरते. मग मुले नापास का होतात?

प्रश्नपत्रिकेतील खोडी

कारण ही परीक्षा व्याख्या विचारत नाही. ती प्रोग्रामच्या दहा-वीस ओळी समोर ठेवते आणि विचारते, ‘सांगा, पडद्यावर काय उमटेल?’ खाली पर्याय असतात आणि त्यांत बरेचदा एक पर्याय असतो : ‘हा प्रोग्राम मुळी चालणारच नाही.’ कुठे तरी एखादी चूक दडवलेली असते. ज्याला ती दिसत नाही, तो बिचारा मान मोडून हिशेब करत बसतो.

एक नमुना पाहा. पहिल्या ओळीत ‘राम’ हा शब्द साठवला. दुसऱ्या ओळीत हुकूम दिला, याला ‘राव’ जोड. तिसऱ्या ओळीत तो शब्द छापला. काय छापले जाईल? शंभरातले बहुतेक नवखे ‘रामराव’ म्हणतील. उत्तर आहे ‘राम’. जावात एकदा तयार झालेला शब्द बदलत नाही. जोडून नवा शब्द तयार होतो खरा, पण तो कुठे ठेवायचा हे न सांगितल्यामुळे वाया जातो.

दुसरा नमुना तर अनुभवी माणसालाही चकवतो. ‘इंटिजर’ या डबीत १२७ हा आकडा दोनदा ठेवला आणि दोन्ही डब्या एकच आहेत का असे बरोबरच्या दुहेरी चिन्हाने विचारले, तर जावा ‘हो’ म्हणते. तेच १२८ ठेवून विचारा, एरवी ‘नाही’ म्हणते! उणे १२८ ते १२७ पर्यंतच्या डब्या जावा आधीच तयार ठेवते आणि त्याच पुन्हा पुन्हा देते. त्यापुढे सहसा प्रत्येक वेळी नवी डबी. दुहेरी चिन्ह आतला आकडा नव्हे, डबी तपासते.

मघाच्या बँकेतही असा एक खड्डा आहे. मुदत ठेवीला नुसते ‘खाते’ म्हणून हाक मारली, तर ‘व्याज काढ’ हा हुकूम मुदत ठेवीच्याच नियमाने चालतो. पण दोघांत एकाच नावाचा एखादा आकडा साठवलेला असेल आणि तो थेट वाचला, तर ‘खाते’ या नावाखालचा मिळतो. क्रिया खऱ्या वस्तूची, आकडा मात्र हाकेच्या नावाचा. हा फरक ज्याने स्वतः लिहून, चालवून पाहिला नाही त्याच्या लक्षात तो आठवडाभरही राहत नाही.

वेळही तुटपुंजा असतो. जावाच्या १७व्या आवृत्तीच्या परीक्षेत ५० प्रश्न, ९० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६८ टक्के, असे गणित ठेवलेले आहे. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत. आवृत्तीनुसार हे आकडे बदलतात, तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी त्या वेळचे नियम स्वतः वाचावेत. शुल्क कित्येक हजारांच्या घरात जाते. क्लासची फी वेगळी.

तयारी करायची कशी?

पहिले काम : रंगीत, मदतनीस सॉफ्टवेअर काही दिवस बाजूला ठेवा. त्यात चूक होताच खाली लाल रेघ उमटते. परीक्षेत अशी रेघ कोण मारणार? साध्या नोटपॅडवर प्रोग्राम लिहा. चालवण्याआधी उत्तर वहीत लिहून ठेवा आणि मग चालवा. उत्तर चुकले तर ती ओळ का चुकली हे दोन वाक्यांत, मराठीत का होईना, लिहा. महिन्याभरात ही वही कोणत्याही गाइडपेक्षा मोलाची होते. जावा शिकायला लागणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते, भाषेचे अधिकृत नियमही फुकट वाचता येतात. पुस्तकच हवे तर जीन बोयार्स्की आणि स्कॉट सेलिकॉफ यांचे या परीक्षेवरचे पुस्तक चांगले आहे. नुसते व्हिडिओ पाहून तयारी करणे म्हणजे मात्र उंटावरून शेळ्या हाकणे.

रोज दोन तास दिले तर आधी थोडे प्रोग्रामिंग केलेल्या व्यक्तीला तीन-चार महिने पुरावेत. अगदी नवख्याने घाई करू नये. मराठी माध्यमातून आलेल्यांना आणखी एक गोष्ट जपावी लागते. प्रश्न इंग्रजीत असतात आणि ‘यांपैकी कोणते चालणार नाहीत’ यातला ‘नाहीत’ निसटला की येणारे उत्तरही हातचे जाते. ‘दोन पर्याय निवडा’ असे असेल तिथे एक निवडून भागत नाही.

बाजारात ‘खरे पेपर’ म्हणून जुने प्रश्न विकले जातात. त्यांतली उत्तरे बरेचदा चुकीची असतात. शिवाय ते वापरल्याचे उघडकीस आले तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. पैसे देऊन विकतचे दुखणे कशाला घ्यायचे?

नोकरीचे काय?

स्पष्टच सांगायचे तर निव्वळ प्रमाणपत्रावर नोकरी लागत नाही. मुलाखतीत समोर बसवून प्रोग्राम लिहायला सांगतात, तिथे कागद बोलत नाही. पण मुलाबाळांमुळे पाच-सात वर्षे घरी राहिलेली एखादी इंजिनिअर पुन्हा नोकरी शोधते, तेव्हा मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल पहिला प्रश्न तिलाच विचारतात. तिच्यासाठी हे प्रमाणपत्र कामाचे ठरू शकते. अभ्यासाला चौकट आणि तारीख मिळते, गंज उतरतो आणि ‘माझे ज्ञान आजचे आहे’ हे नुसते बोलून दाखवावे लागत नाही. सोबत स्वतः केलेला छोटासा प्रकल्प हवाच, मग तो सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबाचा का असेना. हल्ली प्रोग्राम यंत्रेही लिहून देतात हे खरे, पण त्यांनी लिहिलेल्यातली खोट ओळखायला वाचणारे डोळे लागतात. ही परीक्षा नेमके तेच तपासते.

घरच्यांच्याही वाट्याला काम आहे. परीक्षा घरी बसून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली देता येते. तेव्हा टेबल रिकामे हवे, मोबाइल दूर हवा आणि खोलीत दुसरे कुणी डोकावायला नको. ‘चहा ठेवू का?’ म्हणून प्रेमाने दार उघडणाऱ्या आजींनाही त्या दीड तासापुरते आधीच सांगून ठेवावे. वीज जाण्याची शक्यता असेल तर लॅपटॉपची बॅटरी आणि इंटरनेटची दुसरी सोय आदल्या दिवशीच पाहावी.

निकालपत्रकात गुणांखाली, कोणत्या विषयातले प्रश्न चुकले त्यांची यादी येते. नापास झाल्यास ते रागाने फेकून देऊ नका, वहीला चिकटवा. पुढचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.