नाक्यावरचा गाळा : डिपॉझिट देण्याआधी



ऊस तुटून गेला, बिल जमा झाले, की घरोघरी एक विषय हटकून निघतो. पोरगा शिकून आलेला असतो, दोघा भावांना पुरेल एवढे काम रानात नसते, आणि मग कोणीतरी म्हणते, "हायवेला एखादा गाळा बघू या." कोणाला ठिबकची एजन्सी घ्यायची असते, कोणाला ऊसरोपांच्या बुकिंगचे ऑफिस काढायचे असते, तर कोणाला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान. सभासदांनी मिळून काढलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही बसायला जागा हवी असते. विचार चांगलाच आहे. पण डिपॉझिटपोटी लाखभर रुपये मोजायचे, म्हणजे तीस-पस्तीस टन उसाचे बिल एका सहीने दुसऱ्याच्या खात्यात जाते. रान खंडाने घेताना आपण बांध फिरून येतो, पाण्याची पाळी विचारतो, माती हातात घेऊन बघतो. गाळा घेताना मात्र शटर आणि रंग बघून मान डोलावतो. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

आधी जागेचे बघू. पुणे-बंगळूर महामार्ग, पूर्वीचा चार नंबर आणि आताचा अठ्ठेचाळीस, आपल्या भागातल्या बाजारगावांना एका माळेत ओवतो. कराडला त्याला गुहागर-विजापूर रस्ता छेदतो, पेठ नाक्यावरून सांगलीची वाट फुटते, शिरोलीला सांगली फाटा लागतो. रस्ते जिथे मिळतात तिथे बाजार वाढतो, हे जुन्या कर्त्या माणसांना पक्के ठाऊक होते. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले ते कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गालगत, आणि तेही पेठ आखून. तेव्हा नाक्यावर जागा बघणे यात काही चूक नाही.

चूक होते ती "हायवे टच" या शब्दाला भुलण्यात. गाळा रस्त्यावरून दिसतो, पण गिऱ्हाइकाला तिथे येता येते का, हा प्रश्न वेगळा. सर्व्हिस रोड नसेल किंवा भुयारी मार्ग दोन किलोमीटर पुढे असेल, तर समोरच्या बाजूचा माणूस गाळा बघत बघत पुढच्या गावच्या दुकानात जातो. आमचे सांगणे असे, की जागा ठरवण्याआधी तिथे दोन वेळा जावे. एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि एकदा आडवारी, तिन्हीसांजेला. एकदा मोटरसायकलवरून, आणि एकदा एसटीने उतरून चालत. ट्रॉली वळते का, पावसात पुढे पाणी साचते का, दिवे आहेत का, हे तेव्हाच कळते. रस्ता रुंदीकरणात पुढची पट्टी जाणार आहे का, याची चौकशी मालकाकडे न करता महामार्गाच्या किंवा बांधकाम खात्याच्या कार्यालयात करावी. मालक काय सांगणार ते आपल्याला माहीत आहेच.

आता मापाचे. मालक म्हणतो, "गाळा तीनशे वीस फूट, तीस रुपये दराने नऊ हजार सहाशे." तुम्ही टेप लावता तेव्हा आतली फरशी भरते दोनशे चाळीस फूट. उरलेले ऐंशी फूट भिंती, जिना, व्हरांडा आणि सगळ्यांच्या वाटणीचा बोळ यांत गेलेले असतात. म्हणजे वापरायच्या जागेचा दर तीस नव्हे, चाळीस रुपये पडला. यात दरवेळी फसवणूक असतेच असे नाही, तशी मोजायची पद्धत पडली आहे. पण दोन गाळ्यांची तुलना करताना दोन्हींचे कार्पेट माप, म्हणजे भिंतींच्या आतले माप, घ्यावे आणि करारातही तेच लिहून घ्यावे. भाड्याशिवाय देखभाल खर्च किती, पाण्याचे किती, दरवर्षी वाढ किती टक्के, हे तोंडी ठेवू नये.

जागा कोणाची आहे, याला तर सर्वांत जपावे. हायवेलगत शेतजमिनीवर बांधलेले गाळे पुष्कळ दिसतात. भाडे कमी असते, मालक ओळखीचा असतो. बिगरशेतीचे नियम मध्यंतरी बरेच बदलले आहेत, त्यामुळे त्या बाबतीत तलाठी कार्यालयात चौकशी करावी. पण बांधकाम परवानगीचा कागद मात्र डोळ्यांनी बघावा. "घरफाळा भरतोय की आम्ही" हे उत्तर पुरेसे नाही. घरफाळ्याची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. बांधकाम कायदेशीर असल्याचा तो दाखला नव्हे. उद्या नोटीस आली तर मालकाच्या भिंती जातील, पण तुमचे फर्निचर, बोर्ड आणि बसलेले गिऱ्हाईकही जाईल. शिवाय खताचा किंवा औषधांचा परवाना काढताना, बँकेत कर्ज मागताना जागेचे कागद लागतातच.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कुपवाड, तासवडे अशा औद्योगिक वसाहतींत गाळा मिळत असेल, तर रस्ते, पाणी, वीज यांची सोय बहुधा बरी असते. पण तिथे जमीन एमआयडीसीची असते आणि प्लॉटधारकाकडे ती साधारण पंचाण्णव वर्षांच्या पट्ट्याने असते. त्याने पोटभाड्याने द्यायची तर महामंडळाची लेखी परवानगी लागते आणि त्याचे शुल्कही भरावे लागते. प्लॉट ज्या कामासाठी दिला आहे त्यात तुमचे काम बसते का, हेही विचारावे लागते. बाजार समितीच्या आवारातल्या गाळ्याचेही असेच. गाळा समितीने ज्याला दिला तो एक, आणि तुम्हाला चावी देणारा दुसराच, असे असेल तर समितीची लेखी मान्यता आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता करारनामा. इथे आपल्याकडे एक गैरसमज फार खोल रुजला आहे. शंभर-पाचशेच्या स्टँपवर अकरा महिन्यांचे लिहून नोटरी केली, की झाले पक्के, असे लोक धरून चालतात. ही अकरा महिन्यांची चाल आली कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ती कटकट टाळण्यासाठी अकरा महिने. त्यात १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याला १९७३ साली दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सने जागेत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मालकलोकांनी जो धसका घेतला तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला. पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती त्याने टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. हा कायदा प्रामुख्याने शहरांना लागू आहे. आमच्या मते खेड्यातल्या गाळ्याचाही करार नोंदवूनच घ्यावा.

ज्या सभासदांनी स्वतः रस्त्याकडेला गाळे बांधून भाड्याने दिले आहेत, त्यांनी वरचा भाग पुन्हा एकदा वाचावा.

खर्च म्हणाल तर तो भीतीपेक्षा कमी आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. समजा, भाडे महिना बारा हजार, डिपॉझिट एक लाख, मुदत तीन वर्षे. एकूण भाडे ४,३२,००० रुपये. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरायचे, त्याचे तीन वर्षांचे ३०,०००. बेरीज ४,६२,०००, आणि त्याचा पाव टक्का ११५५ रुपये. नोंदणी फी नगरपालिका वा महापालिका हद्दीत १००० आणि ग्रामीण भागात ५००. लाखाचे डिपॉझिट वाचवायला हा खर्च जड नाही. तो कोणी सोसायचा, हे आधीच ठरवून टाकावे.

करारात लॉक-इन म्हणून एक कलम असते. ठरलेल्या काळात जागा सोडता येत नाही, सोडली तर उरलेल्या महिन्यांचे भाडे भरा, असा त्याचा अर्थ. ते दोघांनाही बांधते ना, हे बघावे. पुष्कळ छापील नमुन्यांत ते फक्त भाडेकरूला बांधते. नवा धंदा पहिल्या वर्षी चालेल की नाही सांगता येत नसते, तेव्हा सहा महिन्यांपेक्षा लांब लॉक-इन मान्य करू नये असे आम्हाला वाटते.

वीजमीटरचे बिल मागच्या महिन्यापर्यंत भरले आहे का, हे पाहावे. मीटर धंद्याच्या दराचा हवा. घरगुती किंवा शेतीच्या कनेक्शनवर दुकान चालवले, तर २००३ च्या वीज कायद्यानुसार तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसाठी दोन शब्द. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय भाड्याच्याच जागेत हवे, असे बंधन नाही. एखाद्या सभासदाच्या घरी मालकाचे संमतिपत्र आणि ताजे वीजबिल जोडून ते ठेवता येते. मग नाक्यावर फक्त विक्रीचा गाळा घ्यावा, आणि मिटिंगा गावात, चहा घरचा! दुसरे असे, की १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या मालकाची व्यापारी जागा नोंदणी असलेल्याने भाड्याने घेतली, तर अठरा टक्के कर भाडेकरूनेच सरकारजमा करायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यांना यातून पुढे वगळले गेले. बारा हजारांवर तो २१६० रुपये होतो. नियमात बसत असेल तर त्याची वजावट मिळते, पण खते-औषधांचा धंदा वेगळा आणि शेतमालाचा वेगळा, म्हणून हिशेबनिसाला आधी विचारावे.

डिपॉझिट रोखीने कधीही देऊ नये, बँकेतूनच द्यावे. चावी घेताना भिंती, फरशी, शटर, मीटरचा आकडा यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावेत. जागा सोडल्यावर किती दिवसांत डिपॉझिट परत, आणि कशाकशाचे पैसे कापता येतील, ही ओळ करारात नसेल तर सही करण्याआधी हाताने लिहून त्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि नोंदणीच्या मसुद्यात ती चढली की नाही ते पुन्हा वाचून बघावे.