विज्ञानमालिका आणि आपण : कुक्षी ते देवास

धार जिल्ह्यातले कुक्षी हे नर्मदेच्या खोऱ्यातले गाव. माळव्याचे पठार विंध्याच्या उतारावरून खाली येते आणि निमाड सुरू होतो, तो हा मुलूख. जवळच बाग आहे, बौद्ध लेण्यांसाठी आणि कापडावरच्या ठसेकामासाठी नावाजलेले. या पट्ट्यात नांगरताना, खणताना शेतात तळहाताएवढे गोल दगड निघत. पाडल्या गावातल्या काही घराण्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या ‘काकड भैरव’ म्हणून पुजले. शेताची राखण करणारा, गुरांना जपणारा हा देव. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा कळले की हे दगड म्हणजे टायटॅनोसॉर जातीच्या डायनोसॉरची अश्मीभूत अंडी आहेत. जानेवारी 2023 मध्ये ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत या भागातल्या 92 घरट्यांची आणि 256 अंड्यांची नोंद प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ या मालिकेचे दुसरे पर्व आले. त्यातल्या एका प्रकरणात दख्खनच्या धगधगत्या लाव्हाप्रदेशातून वाट काढत अंडी घालायला निघालेल्या इसिसॉरसच्या माद्या दिसतात. हा इसिसॉरस आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत सापडलेल्या हाडांवरून जगाला माहीत झाला. तो टायटॅनोसॉरच. म्हणजे कुक्षी-बागच्या मातीत जे घडले असेल, त्याच्या अगदी जवळचे दृश्य जगभरच्या घरांत पडद्यावर दिसले. अशा मालिकेला विज्ञानकथा म्हणावे की माहितीपट, यावर चाहते तासन्‌तास वाद घालतात. माझे मत स्पष्ट आहे. हातात चार हाडे आणि मूठभर टरफले असताना, पुराव्याला धक्का न लावता त्यांवरून अख्खे जग उभे करणे हेच विज्ञानकथेचेही काम. ती मागचे जग उभे करते की पुढचे, एवढाच फरक.

पुढचे जग उभे करणारी एक फार मोठी कथा ज्याने लिहिली, तो लेखक आपल्या देवासमध्ये राहून गेला आहे. माळव्यातल्या मराठी वाचकांनाही ही गोष्ट फारशी माहीत नसते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

ई. एम. फॉर्स्टर हे नाव आपण ‘अ पॅसेज टू इंडिया’मुळे ओळखतो. देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई, यांच्याशी त्याचा स्नेह जुळला तो 1912-13 च्या भारतभेटीत. 1921 मध्ये तो महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिला. त्या दिवसांची पत्रे आणि आठवणी ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने 1953 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. दरबारातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यात फार बारकाईने आला आहे. त्याच्याकडे सोपवलेल्या कामांत बागा होत्या, मोटारी होत्या, पाहुण्यांचा बंगला होता आणि वीजघरही होते.

ते वीजघर मला फार महत्त्वाचे वाटते. कारण देवासला येण्याच्या बारा वर्षे आधी, 1909 मध्ये, याच माणसाने ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा लिहिली होती. त्या कथेत माणसे जमिनीखाली एकेका खोलीत एकटी राहतात. अन्न, कपडे, संगीत, औषध, सगळे बटण दाबले की हजर. व्याख्याने खोलीत बसूनच द्यायची आणि खोलीत बसूनच ऐकायची. वाश्ती नावाच्या आईचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहतो. हातातली गोल तबकडी निळसर उजळते आणि तिच्यात त्याचा चेहरा दिसतो. तिची ओळख हजारोंशी आहे, पण स्पर्श कोणाचाच नाही. मुलगा म्हणतो, तू मला प्रत्यक्ष भेटायला ये. आई म्हणते, दिसतोस की मला! पुढे यंत्र हळूहळू बिघडू लागते, आणि ते दुरुस्त कसे करायचे हे समग्रपणे जाणणारा एकही माणूस उरलेला नसतो.

रेडिओचे नियमित प्रक्षेपणही अजून सुरू झाले नव्हते अशा काळात हे लिहिले गेले. एच. जी. वेल्सने रंगवलेल्या यंत्रयुगाच्या स्वर्गाला दिलेले हे उत्तर होते. बीबीसीने ‘आउट ऑफ द अननोन’ या विज्ञानकथामालेत ही कथा 6 ऑक्टोबर 1966 रोजी सादर केली. वाश्तीचे काम यव्हॉन मिचेलने केले आणि दिग्दर्शन फिलिप सॅव्हिलचे होते. फॉर्स्टर तेव्हा हयात होता. पुढे बीबीसीने त्या मालेचे पुष्कळ भाग पुसून टाकले. हा भाग मात्र वाचला आणि आजही पाहता येतो. कृष्णधवल आहे, गती संथ आहे, तरीही मला तो दूरचित्रवाणीवरच्या उत्तम विज्ञाननाट्यांपैकी एक वाटतो.

त्याच्या महिनाभर आधी, 8 सप्टेंबर 1966 ला, अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग लागला होता. आणि त्याच 1966 साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या तीन घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण विज्ञान सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात आले पाहिजे, ही ओढ तेव्हा किती ठिकाणी एकदम लागली होती ते त्यातून दिसते.

आपल्याकडे दिवाणखान्यात दूरचित्रवाणी येण्यामागेही एक विज्ञानकथाकारच आहे. पृथ्वीभोवती ठरावीक उंचीवर फिरणारे उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतील आणि त्यांच्यामार्फत जगभर प्रक्षेपण करता येईल, ही कल्पना आर्थर सी. क्लार्कने ऑक्टोबर 1945 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडली. तीस वर्षांनी, 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर, नासाच्या एटीएस-6 उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. हा ‘साइट’ प्रयोग. त्या राज्यांत मध्य प्रदेश होता. इस्रोच्या अभियंत्यांनी हे कार्यक्रम पकडणारा तसाच संच कोलंबोला क्लार्कच्या घरी नेऊन बसवला, आणि आपणच कागदावर मांडलेली गोष्ट त्याने घरात बसून पाहिली. लेखकाच्या वाट्याला असे क्षण क्वचितच येतात.

पुढे 1983 मध्ये इन्सॅट-1बी अवकाशात गेला आणि लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे लहान गावांपर्यंत पसरले. इंदूर, धार, देवासच्या वाड्यांत अँटेना उभ्या राहिल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दूरदर्शन रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखवी. इंग्रजी संवाद पुरते कळत नसत, पण कर्क आणि स्पॉक यांतला कोण बरोबर हा वाद सोमवारी शाळेत रंगायचा. स्पॉकच्या तर्काची बाजू घेणारे आणि कर्कच्या धाडसाची बाजू घेणारे असे सरळ दोन तट. वस्तूचे कण करून दुसरीकडे पाठवणारे ते यंत्र खरे होईल का, हा तर कायमचा प्रश्न. 1997 मध्ये प्रकाशकणाची पुंज-अवस्था एका जागेहून दुसरीकडे पोहोचवण्यात शास्त्रज्ञांना यश आले. मात्र तिथे प्रवास करते ती अवस्था, वस्तू नव्हे. अंतोन झायलिंगर यांना 2022 चे नोबेल मिळाले तेव्हा त्या कामाचाही गौरव झाला. शाळेतला तो वाद इतका वायफळ नव्हता.

मग देशी मालिका आल्या. ‘स्पेस सिटी सिग्मा’मधला कॅप्टन तारा आणि त्याचा शत्रू जखाकू. 1989 ची ‘इंद्रधनुष’, ज्यात मुले स्वतः संगणक जुळवतात आणि त्यातून त्यांचे नाते थेट परग्रहाशी जडते. गिरीश कर्नाड तिच्यात होते, आणि ऊर्मिला मातोंडकर व आशुतोष गोवारीकर हे दोन मराठी चेहरेही. संगणक म्हणजे बँकेत किंवा कचेरीत दुरून पाहायची गोष्ट होती, त्या काळात तो मुलांच्या हाती दिला हे या मालिकेचे मोठेपण. याच कर्नाडांना आपण 1991 च्या ‘टर्निंग पॉइंट’मध्ये विज्ञान समजावताना पाहिले आणि प्रा. यशपाल यांची उत्तरे त्यातच ऐकली. 1998 मध्ये केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ आला. 2123 सालात घडणाऱ्या या मालिकेत मिलिंद सोमण तुरुंगातून पळालेल्या बारा गुन्हेगारांच्या मागावर ग्रहोग्रही फिरतो. संगणकावर केलेली त्यातली दृश्ये आज कच्ची वाटतील, पण त्या वेळी आपल्याकडे एवढे धाडस दुसऱ्या कोणी केले नव्हते. ‘शक्तिमान’ मी या यादीत धरत नाही. तो प्रिय आहे, पण त्याचे बळ योगसाधनेतून येते. ‘करिश्मा का करिश्मा’ अमेरिकन ‘स्मॉल वंडर’वर बेतलेली होती, तिच्यावर थांबायचे कारण नाही.

या सगळ्यात मराठी मालिका कुठे आहे? माझी खरी तळमळ ही आहे. मराठीत विज्ञानकथेची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. जूल्स व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने 1900 च्या सुमारास ‘केरळ कोकीळ’ मासिकात आली. ते मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीनहून चालवत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने विज्ञानकथेला दिलेला हा हात विसरू नये. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले आणि काशीत वाढले, तेही बाहेरच्या मराठी मुलखाचेच. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी या नव्या प्रवाहाचे स्वागत केले. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी पुढची कित्येक वर्षे दिवाळी अंकांतून हा प्रवाह वाहता ठेवला. लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ जेम्स गन यांच्या जागतिक विज्ञानकथासंग्रहात गेली. एवढी शिदोरी असलेल्या भाषेच्या वाहिन्यांवर लक्षात राहील अशी एक विज्ञानमालिका नाही. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’वर बालचित्र समितीने चित्रपट केला, तोही हिंदीत.

नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आज पुन्हा वाचावी. जमिनीत खोल खोदताना एका लुप्त, प्रगत संस्कृतीने ठेवलेले ज्ञानभांडार सापडते. त्यातल्या सूचनांनुसार शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्रमानव घडवतात. तो वामन. त्याला स्वतःसारखे आणखी वामन निर्माण करायचे असतात, आणि ती प्राचीन संस्कृती नेमकी कशाने संपली हे माणसांना उमगते तोवर बराच उशीर झालेला असतो. ऐंशीच्या दशकात लिहिलेली ही कथा आज, संगणकच संगणकासाठी आज्ञावली लिहू लागलेला असताना, जास्तच जवळची वाटते. तीन पावले भूमी मागणाऱ्या वामनाचा अर्थ मराठी प्रेक्षकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

2016 मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले आणि चाहत्यांची चर्चा बदलली. आता धारमधला मुलगा आणि न्यू जर्सीतली त्याची मावसबहीण ‘डार्क’ किंवा ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ एकाच आठवड्यात पाहतात आणि रात्री फोनवर भांडतात. ‘ब्लॅक मिरर’च्या 2013 मधल्या एका भागात अपघातात गेलेल्या जोडीदाराच्या संदेशांवरून त्याच्यासारखे बोलणारे यंत्र एक तरुणी वापरू लागते. तेव्हा ती कल्पना होती. आज गेलेल्या माणसाच्या आवाजाची नक्कल विकत मिळते. आपल्या आजीचा आवाज असा जपावा का, हा प्रश्न घरोघर येणार आहे. 2021 च्या ‘ओके कॉम्प्युटर’ या हिंदी मालिकेत राधिका आपटे आहे आणि चालकाविना चालणाऱ्या मोटारीने माणूस मारला तर दोष कोणाचा हा खटला आहे. मालिका थोडी पसरट झाली आहे, पण प्रश्न अस्सल आहे आणि भारतीय रस्त्यावर उभा राहून विचारलेला आहे.

कुक्षीच्या माणसाला असे प्रश्न नवे नाहीत. 2019 मध्ये सरदार सरोवर पूर्ण उंचीपर्यंत भरले आणि कुक्षी तहसिलीतले निसरपूर पाण्याखाली गेले. वीज आणि पाणी कोणाला मिळाले, घर कोणाचे गेले, हे इथल्या माणसाने पाहिले आहे. ‘द मशीन स्टॉप्स’ असो की ‘वामन’, उत्तम विज्ञानकथा हेच विचारते : यंत्र चालते तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो? नवे तंत्र किती चकचकीत आहे हे सांगणाऱ्या मालिका पुष्कळ आहेत. हा प्रश्न विचारणाऱ्या फार थोड्या, आणि मराठीत एकही नाही.

प्रेक्षकांच्या हातात काय असते, असे कोणी म्हणेल. ‘स्टार ट्रेक’ दुसऱ्या वर्षानंतर बंद पडणार अशी चिन्हे दिसली, तेव्हा बीजो ट्रिंबल या चाहतीने पुढाकार घेऊन पत्रांची मोहीम उभारली. पत्रांचा इतका वर्षाव झाला की मालिका सुरू राहणार हे एनबीसी वाहिनीला मार्च 1968 मध्ये पडद्यावरून जाहीर करावे लागले. पुढे अशाच पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला, म्हणजे 1976 मध्ये बाहेर आलेल्या चाचणीच्या यानाला, ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले. एका मालिकेतल्या काल्पनिक यानाचे नाव खऱ्या यानावर कोरले गेले ते चाहत्यांमुळे.

नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले. त्यांच्या कथा छापील आहेत, सहज मिळतात, आणि त्या पडद्यावर आणण्याजोगे लेखक, नट, दृश्यतंत्रज्ञ आज मराठीत आहेत. वाचकांनो, या दिवाळीत ‘वामन परत न आला’ घरात मोठ्याने वाचा, आणि मग आपल्या आवडीच्या मराठी वाहिनीला एक पत्र लिहा की आम्हाला ही मालिका हवी आहे. इंदूर, देवास, धारच्या मंडळींनी तर जरूर लिहावे.